पेनल्टीचा मान

गेल्या एप्रिलमध्ये, एका रविवारी संध्याकाळी, आमच्या गावच्या देवळात माझ्या थोरल्या भावाच्या चुकीबद्दल गाऱ्हाणे घातले गेले. त्यानंतर तो गावच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर राहिला नाही. मी तिथे हजर होतो.

भाऊ आधी खेळाडू होता. गावामागच्या सड्यावर, उघड्या माळाच्या कातळावर गुडघे सोलून घेत तो फुटबॉल शिकला. गोव्यातल्या एका क्लबकडून काही वर्षे आघाडीला खेळला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर घरी परतला. गावच्या क्लबला मॅनेजर नव्हता, ते काम त्याच्याकडे आले. पगार नव्हता. पण एसटीत, लग्नात, मासळी बाजारात लोक त्याला 'मॅनेजर' अशी हाक मारत आणि तो ओ देत असे. खेळ सुटल्यावर त्याच्याजवळ एवढेच उरले होते. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे.

आमच्याकडे पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, होळी कोणी पेटवायची, हे घरांनुसार ठरलेले आहे. क्लब निघाला तेव्हा हीच पद्धत मैदानावर आली. सामन्याची पहिली किक मानाच्या घरातला खेळाडू मारायचा. पुढे पेनल्टीही त्याच घराकडे गेली. ती कधी गेली, हे मी जुन्या लोकांना विचारून पाहिले. कोणालाही सांगता आले नाही. त्या घरातला सध्याचा खेळाडू मुंबईत नोकरी करतो आणि स्पर्धेपुरता गावी येतो.

भावाने पहिल्या किकला हात लावला नाही. पेनल्टी मात्र सरावात जो चुकत नाही त्याने मारायची, असे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. असा खेळाडू एकच होता, खालच्या वाडीतला, किनाऱ्यावर रापणीचे मोठे जाळे ओढायला जाणारा.

हंगामातल्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, आम्हाला पेनल्टी मिळाली. मानाच्या घरातल्या खेळाडूने चेंडू उचलून काखेत धरला.

"तू नको. तेका दी," भाऊ रेषेबाहेरून म्हणाला.

"कित्या? मान आमचो आसा."

"मान पालखीक. हय गोल व्हयो."

"मॅनेजर गोव्याक जावन देव बदलून इलो वाटता," प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणाले. आसपासचे हसले. रापणीवरच्या खेळाडूने गोल केला आणि आम्ही जिंकलो. चषक देवळात नेऊन ठेवला. त्या दिवशी कोणीही तक्रार केली नाही.

पुढच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो आणि आमच्या गोलरक्षकाचा हात मोडला. मग लोकांना ती पेनल्टी आठवली. गावचे एक वडीलधारे मानकरी आमच्या पडवीत येऊन बसले.

"नारळ ठेव, एकदा चुकलंय म्हण," ते भावाला म्हणाले. "तुका कोण काढता रे? क्लब तुझोच आसा."

"खंय चुकलंय ता सांगा, मगे म्हणतंय."

"देवाक हिशेब विचारतंस?"

"देवाक नाय. तुमका विचारतंय, काका."

वहिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते अंगणात पोचले होते.

रविवारी देवळात गाव जमला. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने केलेली विनंती. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या दिवशी तेच मानकरी बोलत होते. भाऊ पुढे उभा होता, मी त्याच्या मागे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो गाव तुझ्या पायाकडे उभो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तुझी पोरा मैदानात खेळतत, तेंची राखण कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या तुझ्या लेकराची मती फिरली, मानाच्या घराचो मान तेणा मोडल्यान, ती चूक पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

तिसऱ्या वेळीही मी म्हणालो. वाक्य पूर्ण ऐकले होते, त्याचा अर्थ कळला होता, आणि माझा आवाज इतरांपेक्षा लहान नव्हता. भावाने मागे वळून पाहिले. बाकी कोणाकडे नाही, माझ्याकडे. मी समईकडे बघू लागलो.

त्याने नारळ ठेवला नाही. बाहेर जाताना क्लबच्या खोलीची किल्ली पायरीवर ठेवली, चपला घातल्या आणि तो निघून गेला. मी गाऱ्हाणे संपेपर्यंत थांबलो. प्रसादही घेतला.

मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर आहे. क्लबच्या नव्या मॅनेजरची बातमी मीच पाठवली. मानाच्या घरातल्या त्या खेळाडूच्या चुलत्याची निवड झाली होती. माजी मॅनेजरांनी वैयक्तिक कारणास्तव पद सोडले, असे शेवटचे वाक्य मी लिहिले. दुसऱ्या गावात हे घडले असते तर गाऱ्हाण्याचा मजकूर मी शब्दशः दिला असता.

बातमी छापून आली त्या सकाळी भाऊ पडवीत पेपर घेऊन बसला होता.

"वैयक्तिक म्हंजे खंयचा कारण रे?" त्याने विचारले. "गुडघ्याचा?"

"तसाच लिवतत, दादा."

"कोण लिवतत?"

त्याने पेपर घडी करून माझ्याकडे दिला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितले. दोघांसाठी.

भाऊ आता सावंतवाडीच्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायला जातो. देवळातल्या त्या संध्याकाळबद्दल आम्ही अद्याप बोललेलो नाही. क्लबला या हंगामात एकच पेनल्टी मिळाली. ती मानाच्या घरातल्या खेळाडूने मारली. चेंडू बारवरून गेला. रापणीवरचा खेळाडू तेव्हा मैदानातच होता. भाऊ सामन्याला आला नव्हता. बातमीत मी निकाल तेवढा दिला.