बाबांचा कान आणि बंगलोरची कॅसेट

चंद्रपूरजवळच्या मूल गावी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर धानाची राइस मिल होती. त्या मिलचाच काय, पार सिंदेवाहीपर्यंतच्या मिलचा बिघाड बाबा नुसत्या आवाजावरून ओळखत. साठीला टेकले आणि लोक म्हणू लागले, भाऊ भैरे झाले. मिलमालकानं चंद्रपूरहून नवा मेकॅनिक बोलवायला सुरुवात केली. बाबा घरी बसले ते बसलेच. कबूल करतो, मलाही ते बहिरेच वाटत होते. त्यांना काय ऐकू येणार, म्हणून मी त्यांच्या खाटेशेजारीच टेप मोठ्यानं लावायचो.

टेपवर असायचा एक विलायती रॉक बँड. माझ्या जन्माआधीपासून वाजवत होता आणि अजून थकला नव्हता. त्यांचं एखादं गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं. मध्येच ताल बदलायचा, गाणारा दहा-दहा मिनिटं गायब व्हायचा. आमच्या कॉलेजात या बँडचे वेडे दोघंच. एक मी, आणि दुसऱ्याला मीच बिघडवलेलं.

अल्बम जमवून झाल्यावर मी त्यांच्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमागे लागलो. बंगलोरला एक संग्राहक होता. कोऱ्या कॅसेटी पाठवल्या की तो भरून परत पाठवायचा. त्याचा शब्द माझ्यासाठी शेवटचा.

अशीच एक मैफल आली. तिसऱ्यांदा ऐकत होतो, तर बाबा खाटेवरून म्हणाले, "हा टेप जोरात फिरून राह्यला."

"सेल उतरले असन."

"सेल उतरले त टेप हळू होते, बाबू. इंजिनेर होऊन राह्यला न तू?"

मी चिडलो. म्हटलं, लोकांसमोर बँड मुद्दामच वेगात वाजवतो.

"वाजवू दे. पण हे टाळ्या पिटणारे मंधात बोलून राह्यले, त्याइचा आवाज असा बारीक काऊन? सारे लेकरंच आले का आयकाले?"

मी रिवाइंड केलं. खरंच, गर्दीतले बाप्ये पोरांसारखे चिवचिवत होते. बाकीच्या कॅसेटी तर त्याच टेपवर नीट वाजत होत्या.  मग भीत भीत बंगलोरला पत्र टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, इंग्रजीत. तपासलं, आमच्याकडची मूळ प्रतच वेगानं उतरलेली आहे. दुरुस्त कॅसेट सोबत पाठवली आहे.

अर्थ सांगितला तसा बाबांनी शर्ट चढवला. "चाल मिलमंधी. तो कागद घे."

मिलमध्ये मालक आणि नवा मेकॅनिक चहा पीत होते. बाबांनी मला पुढं केलं. मी कॅसेटची हकीगत सांगितली, पत्र वाचून दाखवलं, मराठीत समजावलं. मालक नुसता मान हलवत होता. ते मला पुरेना. कागदावरची नजर न काढता मी पुढं वाचलं, "ज्यांनी ही चूक पकडली, त्यांच्यासारखा कान आमच्या बंगलोरात कोणाचा नाही."

मालक उठला आणि त्यानं बाबांसाठी खुर्ची सरकवली. "भाऊ, चहा घेऊन जरा आमच्या मशिनीचाबी आवाज आयकून घेजा," तो म्हणाला. नवा मेकॅनिक आपणहून बाजूला झाला. 

परतताना बाबांनी कागद मागून घेतला, उलटासुलटा पाहिला.

"ओळी त दोनच दिसून राह्यल्या."

"इंग्रजीत कमी जागेत मावते, बाबा."

त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि ताठ मानेनं माझ्यापुढं चालू लागले. पुढं मला डिग्री मिळाली, नोकरी लागली, पण त्या दिवसाएवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही. ती तिसरी ओळ माझी होती, आणि मी ती आजही मागं घेणार नाही.