घरपट्टीपुरता मामा

मशीनमामांना बहीण नव्हती. ज्या बाईला ते जन्मभर ताई म्हणाले, तिला भाऊ नव्हता. दोघांचीही ही उणीव एका सकाळी घरपट्टीच्या साहेबामुळे भरून निघाली, आणि त्या बिचाऱ्या साहेबाला त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा मामा कोणाचेच मामा नव्हते. शिलाई मशीन दुरुस्त करत फिरणारा एक काटकुळा तरुण, एवढीच त्यांची ओळख. खांद्याला पिशवी, पिशवीत पाने, स्क्रूड्रायव्हर, लांब चोचीची तेलाची बुधली आणि सुयांची पाकिटं. कुठे मशीन अडलं की जमिनीवर बसायचं, त्याच्या पोटात डोकं घालायचं आणि चालू करूनच उठायचं. राहायला मात्र ठिकाण नव्हतं. त्याच सुमाराला पोस्टात टपाल वेगळं करणाऱ्या एका गृहस्थांनी कर्ज काढून आपल्या घरावर एक खोली चढवली होती. जिना बाहेरून, खिडकी एक, आणि पावसाचं पाणी कुठून गळेल याचा नेम नाही. मशीनवाल्याने ती भाड्याने घेतली.

हे घरमालक म्हणजे पुढचे दाजी. माणूस इतका सरळ की ऑफिसातली टाचणी खिशाला अडकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचा. पण भित्रा. टपालाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून कोणीतरी त्यांच्या कानात सोडलं की घरात भाडेकरू ठेवला की घरपट्टी तिप्पट होते, नातेवाईक राहत असला तर मात्र काही होत नाही. खरंखोटं करायला पालिकेत जाऊन विचारलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यांची बायको, म्हणजे पुढची ताई, तसं म्हणालीही.

"विचारायला गेलो की त्यांना कळणार ना, आपल्याकडे भाडेकरू आहे म्हणून," दाजी म्हणाले. यावर काय बोलणार, कपाळ?

आणि एका सकाळी साहेब आलाच. हातात मोजपट्टी, बगलेत जाड वही. खालच्या खोल्या मोजून तो जिना चढू लागला, तसे दाजी त्याच्या मागे घाम पुसत चढले. वर मशीनवाला दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण.

"हे कोण?" साहेबाने विचारलं.

दाजी रुमालाने पुन्हा मान पुसू लागले. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली ताई म्हणाली, "माझा भाऊ."

साबण लावलेल्या भावाने मान डोलावली. साहेबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ताई उंच, गोरी, ठसठशीत. भाऊ काळा, काडीपैलवान. "तोंडावळा काही जुळत नाही," साहेब म्हणाला.

"तो वडिलांवर गेलाय," ताईने बजावलं. साहेबाने वहीत काहीतरी खरडलं आणि तो गेला. दाजी पायरीवर बसले ते अर्धा तास उठले नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं, तर हे सगळं सांगायचं कारणच नव्हतं. पण साहेब पुन्हा कधी टपकेल याचा भरवसा नाही, आणि ऐन वेळी कोणाची जीभ घसरेल, म्हणून दाजींनी घरात फर्मान काढलं की आजपासून सराव. त्याने हिला ताई म्हणायचं, मला दाजी म्हणायचं. पाळण्यातली चिमी बोलायला लागली की तिने मामा म्हणायचं. भाडं हा शब्द घरात उच्चारायचा नाही. महिन्याच्या सुरुवातीला मशीनवाला खाली येऊन जे पैसे द्यायचा त्यांना 'वरचे पैसे' म्हणायचं ठरलं. ज्या माणसाने आयुष्यात कोणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नाही, तो दर महिन्याला बायकोला विचारायचा, "वरचे पैसे आले का गं?" आणि शेजारी कान टवकारायचे.

सुरुवातीला मशीनवाल्याला याची फार लाज वाटायची. परक्या बाईला ताई म्हणताना जीभ जड व्हायची. पण ताईने ती भूमिका अशी काही अंगावर घेतली की बोलायची सोय नाही. आठवडाभरात तिने त्याचे फाटके शर्ट परस्पर खाली नेले आणि कॉलर उलटून शिवून परत आणून ठेवले. महिन्याभरात त्याचं जेवण खाली सुरू झालं. ताट वाढलं की ती उलथन्याने जिन्याचा कठडा वाजवायची, आणि मामा दोन दोन पायऱ्या गाळत उतरायचे. वर्षभरात ती त्याच्यावर खेकसायला लागली. "थंडीत उघड्या डोक्याने फिरतोस, तुला कोणी सांगणारं आहे की नाही?" नव्हतं कोणी. म्हणूनच ते खेकसणं मामांना इतकं आवडायचं की ते मुद्दाम टोपी वर विसरून यायचे.

दुपारी काम नसलं की मामा खालच्या खिडकीपाशी ताईचं मशीन उघडून बसायचे. त्याला काही झालेलं नसायचं. तरी ते तेल घालायचे, पट्टा ताणायचे, शटल पुसायचे. चिमी बॉबिनवरचा दोरा उलगडून घरभर पसरायची आणि ताई दोघांनाही फैलावर घ्यायची. मशीनची ती घरघर, तेलाचा वास, दाजींचा रेडिओ. मामांना नंतर कधी सुख म्हटलं की एवढंच आठवायचं.

घरपट्टी भरायलाही मामाच जायचे. खिडकीपुढे उभं राहिलं की दाजींना दरदरून घाम फुटायचा, आणि अशा माणसाला बघून कोणालाही संशय यावा. मग बिल आलं की ते पाकिटात घालून मामांच्या हाती पडायचं. लवकर भरलं की सूट मिळायची, म्हणून मामा पहिल्याच आठवड्यात रांगेत. खिडकीतला कारकून विचारायचा, "मालकाचे तुम्ही कोण?"

"मेव्हणा," मामा सांगायचे. पहिल्या वर्षी हळूच, मग मोठ्याने, आणि पुढे पुढे तर कोणी विचारलं नाही तरी.

मामांनी लग्न केलं नाही. ताईने दोन मुली पाहिल्या, दोन्ही वेळा मामांनी काहीतरी खुसपट काढलं, आणि ताईने तिसरी पाहायचं सोडून दिलं. दाजी गेले तेव्हा खांदा द्यायला मामा पुढे होते. ताईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रुग्णाशी नातं काय असं विचारलं, तेव्हा त्यांनी भाऊ म्हणून सांगितलं, आणि त्या क्षणी आपण खोटं बोलतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ताई गेली आणि घर चिमीच्या नावावर झालं. चिमी आता चाळिशी ओलांडलेली, औषधाच्या दुकानात काउंटरच्या मागे उभी राहणारी, चष्म्यावरून बघणारी बाई. खालच्या खोल्यांत ती एकटीच. वरचे पैसे ती आईप्रमाणेच मुकाट्याने घेऊन ठेवायची.

त्या वर्षी पालिकेने सगळ्या घरांची नव्याने पाहणी काढली. घरमालकाने माहिती स्वतःच मोबाइलवर भरायची, मग माणूस येऊन ती तपासून जाणार. चिमीने मामांना खाली बोलावलं.

"हे बघा मामा. घर केवढं, बांधकाम किती जुनं आणि वापर कोण करतं, यावर पट्टी ठरते."

"म्हणजे मशीन केवढं, किती वापरलेलं, आणि घरचं शिवण की धंद्याचं," मामा म्हणाले.

"अगदी तसंच. आता इथे विचारलंय, वरच्या मजल्याचा वापर. स्वतः, की भाड्याने." तिने चष्मा काढून पुसला, परत घातला. "मला आई-बाबांसारखं जमणार नाही, मामा. मी दिवसभर लोकांना सांगते, चिठ्ठीत लिहिलंय तेच मिळेल. आणि घरी येऊन असं लिहू?"

"मग खरं लिही की."

"लिहिणारच आहे. पण तुमच्या माघारी नको, म्हणून बोलावलं."

"लिही," मामा म्हणाले. "आहे ते आहे."

चिमीने 'भाड्याने'वर बोट टेकवलं. पुढे नाव लिहायची जागा होती. तिथे तिने मामांचं नाव घातलं. मामा "बरं" म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

त्यांना राग आला नव्हता. पोरीचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण या जगात त्यांना मामा म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच माणसाने त्यांना भाडेकरू लिहिलं होतं. ते फार लागलं. नातं काय, पट्टी वाचवण्यापुरतं होतं. ज्यांनी जुळवलं ते गेले, आता हिशेब सरळ झाला, असं त्यांनी मनाशी घेतलं.

आणि भाडेकरूच असू तर भाडेकरूसारखं वागायला हवं, म्हणून ते तसे वागू लागले. जेवायला खाली येईनासे झाले. डबा लावला. भिंतीत खिळा ठोकायचा तर खाली येऊन परवानगी मागितली. एकदा तर त्यांनी चिमीला विचारलं, "पाणी किती वाजेपर्यंत असतं?"

"तुम्हाला माहीत नाही?" चिमी म्हणाली. "जन्म गेला तुमचा इथे. कसली नाटकं करताय?"

मामा वर गेले. बाजारापलीकडे एक शिवणवाल्या बाई होत्या, मामांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मागच्या अंगणात एक खोली रिकामी होती. मामा जाऊन ती पाहून आले. भाडेकरूच व्हायचं तर कुठेही होता येतं. महिना संपला की कळवतो, असं ते बाईंना सांगून आले, आणि वर येऊन पिशवीतली अवजारं उगाचच पुसत बसले.

महिना संपायच्या आत पाहणीवाल्या बाई आल्या. साठीला टेकलेल्या, गुडघ्याला पट्टा, हातात लाल उजेड टाकून अंतर मोजणारं यंत्र. खालच्या खोल्या झाल्या. जिन्याशी येऊन त्यांनी पायऱ्यांकडे पाहून सुस्कारा टाकला आणि अर्ध्यावर येऊन कठड्याला टेकल्या. मामा वर दारात उभे होते. चिमी बाईंच्या मागे.

"वर कोण राहतं?" बाईंनी दम खात विचारलं.

मामांना उत्तर ठाऊक होतं. तीन आठवडे ते स्वतःला तेच बजावत होते. पण पालिकेच्या माणसाने हा प्रश्न विचारला की जीभ कुठे वळायची ते आयुष्यभराच्या सरावाने पक्कं झालं होतं.

"मी हिच्या आईचा भाऊ," मामा म्हणाले.

बाईंनी मोबाइल पाहिला. "यात तर भाडेकरू लिहिलंय."

मामा घाईने एक पायरी खाली उतरले. पोरगी खोटी ठरणार, दंड बसणार. "तेच, तेच खरं," ते म्हणाले. "मी भाडेकरूच आहे. भाऊ नाही. चुकून बोललो."

"भाऊच आहेत," चिमी मागून म्हणाली. "आणि भाडंही देतात. दोन्ही लिहा."

"अहो, भाऊ असो नाहीतर भाचा, मला त्याच्याशी काय करायचंय?" बाई वैतागल्या. "नातं आम्ही विचारतच नाही. जो भाडं देतो तो भाडेकरू. उद्या तुमचा सख्खा मुलगा देत असला तरी तोच." मग त्यांनी यंत्र वर धरलं, लाल ठिपका मामांच्या भिंतीवर पडला. "आणि एवढ्याशा खोलीला एवढा घोळ कशाला? मालक त्याच घरात राहत असेल तर लहान एका खोलीला जादा दर लागत नाही. भाड्याने दिली तरी."

"हे आता नवीन आलंय?" चिमीने विचारलं.

"नवीन कुठलं? मी लागले तेव्हापासून हेच आहे. त्याच्याही आधीपासून. येऊन विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं."

बाई आकडे घालून, गुडघा चोळत निघून गेल्या. फाटक लागल्याचा आवाज आला आणि चिमीला हसू फुटलं. ती कठड्याला धरून हसत राहिली. "म्हणजे बाबा जन्मभर उगाच घाबरले? उगाच सगळ्यांना सराव? मामा, अहो, एक पैसा वाचला नाही त्यात."

मामा वरच्या पायरीवर बसले. त्यांना हसू येईना. दाजी त्या वर्षी पालिकेत गेले असते, तर कारकुनाने त्यांना दोन मिनिटांत सांगितलं असतं. ते मोकळे होऊन घरी आले असते. वरचा मशीनवाला भाडेकरूच राहिला असता, आणि चार भाडेकरूंसारखा दोन-तीन वर्षांत बाजाराजवळ बरी खोली बघून निघून गेला असता. खाली कोण बाई राहत होती हेही त्याला पुढे आठवलं नसतं.

"बरं झालं, दाजींनी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. ताई गेल्यापासून ते असे रडले नव्हते.

चिमीचं हसू थांबलं. ती वर येऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. त्यांचं नाक पुसून झाल्यावर म्हणाली, "त्या शिवणवाल्या बाईंची खोली अंधारी आहे. ओलही आहे भिंतींना."

मामांनी दचकून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"औषधाच्या दुकानात सगळं कळतं. त्यांना मी निरोप दिलाय, मामा येणार नाहीत म्हणून. तुमचा डबाही बंद केलाय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. उद्याचा आला की तो शेवटचा."

"मला न विचारता?"

"आई विचारायची?" चिमी म्हणाली.

मामांनी मान हलवली. ताईने कधीच काही विचारलं नव्हतं.