पंचफुलावहिनीचा धानाचा हार

भंडाऱ्याला दर हिवाळ्यात हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. त्याच्या स्टॉलचा अर्ज भरायला मी त्या दिवशी सकाळच्याच बसने गेलो होतो. 'कारागिराचे नाव' या रकान्यात 'पंचफुला' एवढंच लिहून झालं होतं, आणि फोन वाजला. पलीकडे माझी बायको इंदू होती. म्हणाली, "तुमी या लवकर. ताई बोलूनच नाही रायल्या..." अंगणात धान वाळत घातलं होतं, त्याच्या कडेला वहिनी सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि बसल्या बसल्याच गेली. मी इकडे अर्जाच्या खिडकीपाशी पेन हातात धरून उभा. आतला माणूस म्हणाला, काका, पूर्ण नाव लिहा. मी पूर्ण नाव लिहिलं, खाली तिच्याऐवजी माझी सही केली आणि अर्ज देऊन टाकला. आता या स्टॉलवर बसणार कोण, हा प्रश्न मला परतीच्या बसमध्ये पडला.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. पंचफुलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. करडी गावात आमची दोन घरं आहेत, पण अंगण एकच, त्यामुळे कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे दोन्हीकडे कळायचं. मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झालो तेव्हा घरात बसून बायकोच्या कामात चुका काढायच्या, एवढाच धंदा उरला होता. त्यातून मला वहिनीने सोडवलं. इंदू तर म्हणते की वहिनीने तिलाच सोडवलं. दोन्ही खरं असावं.

सुरुवात झाली ती नातीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून. नातीला शेतकरीण व्हायचं होतं आणि शेतकरणीला दागिना हवा होता. दिवाळीत दाराला लावतात ती धानाच्या लोंब्यांची झालर वहिनी फार सुरेख विणायची. तीच बोटं तिने दाण्यांवर चालवली. चिन्नोर जातीच्या धानाचे बारीक दाणे दोऱ्यात ओवून हार केला, कानात दोन-दोन दाण्यांचे झुबे केले, कपाळावर बिंदी. पोरगी रंगमंचावर काय बोलली ते कोणाला आठवत नाही, पण तिच्या बाई दुसऱ्या दिवशी हार बघायला घरी आल्या आणि माझ्यासाठीही एक करा म्हणाल्या. त्या दिवसापासून वहिनीच्या स्वतःच्या कानातही धानाचे दोन दाणे आले, ते शेवटपर्यंत होते. चष्म्याच्या काड्यांमागे ते सदा अडकायचे आणि ती सदा सोडवत बसायची.

मग हार विकायला आमचे दौरे सुरू झाले. लाखांदूर, पवनी, तुमसर, पुढे नागपूर. वहिनी, मी आणि एक पत्र्याची पेटी. कंडक्टर लोक ओळखीचे, ते म्हणायचे, "भाऊ, पेटीचं तिकीट राहू द्या." मी ऐकत नसे. उभी नोकरी लोकांच्या कोंबड्या-बकऱ्यांची तिकिटं फाडली, आता स्वतःची पेटी फुकट कशी नेऊ? वहिनी खिडकीशी बसून हसायची. "फाडा जी, माह्या पेटीचं तिकीट फाडा. माही पोरगीच हाये थे, तिले बी सीट द्या कोनी," असं ती सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, आणि पेटीला मांडीजवळ ओढून घ्यायची.

स्टॉलवर मी अगदीच कुचकामी निघालो. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं जमली, गर्दी झाली, आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" बाया बिचाऱ्या निमूटपणे पुढच्या लोणच्याच्या स्टॉलवर सरकल्या. वहिनीने कपाळाला हात लावला. "भाऊजी, तुमी निस्ता आरसा धरा. बोलू नोका." तेव्हापासून मी आरसा धरणारा माणूस. पण तिची विकण्याची रीतही काही शहाण्या माणसाची नव्हती. एखादीने मोठा हार उचलला की ही तिच्या हातातून काढून घ्यायची. "थो नोको बाई, गळा लहान हाये तुहा, हारच दिसन, तू नाही दिसनार. हा घे." एकीने तर विचारलं, तुम्हाला विकायचं आहे की नाही? त्यावर वहिनी म्हणाली, "इकाचं हाये न. पन घरी जाऊन पेटीत ठेवशीन त काय फायदा? आंगावर दिसला पायजे." त्या बाईने तीन हार घेतले. मला यातलं गणित कधीच कळलं नाही.

फजितीही झाली, आणि अशी झाली की ती आम्हा धानवाल्यांचीच व्हावी. नागपूरचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. सुकलेल्या दाण्यात सुई घातली की तूस फुटतं, म्हणून वहिनी दाणे रात्रभर भिजवून, मऊ झाले की ओवायची. निघायच्या आधी घाई झाली आणि हार नीट वाळले नाहीत. वर मीच हुशारी केली. पेटीत खडखडू नयेत म्हणून सगळे हार ओलसर गोणपाटात घट्ट गुंडाळले, वरून आणखी एक पोतं दाबलं. आता सांगा, पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी धान पेरायच्या आधी बियाणाला मोड आणायचे तर आपण दुसरं काय करतो? तीस वर्षं घरच्या धानाचं मी हेच केलं, आणि हारांचं करताना डोक्यात काही आलं नाही! पहिल्या दिवशी हार चांगले दिसले, भराभर गेलेही. तिसऱ्या दिवशी एक बाई तणतणत आल्या. भाचीच्या साखरपुड्यासाठी घेतलेला हार त्यांनी टेबलावर ठेवला. प्रत्येक दाण्याला पांढरा, टोकदार मोड आला होता. हार जिवंत होऊन आमच्याकडे बघत होता.

मी वहिनीच्या कानाशी लागलो, "सांग न, शुभ असते म्हनून. नवरात्रात आपन घट बसवतो, तसं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आरसा उचलून तोंडासमोर धरला. मग ती त्या बाईंना म्हणाली, "शुभ-बिभ काई नाही बाई, आमचं चुकलं. भिजलेलं धान बांधून ठेवलं आमी. साखरपुडा कवा हाये?" साखरपुडा दुसऱ्या दिवशी होता. वहिनीने त्यांना स्टुलावर बसवलं, मला चहा आणायला पिटाळलं आणि कोरडे दाणे निवडून तिथेच नवा हार ओवायला घेतला. तूस फुटलं की दाणा टाकायचा, दुसरा घ्यायचा. दुपार गेली. बाईंचा राग चहाच्या दुसऱ्या कपाला संपला, तिसऱ्याला त्या स्वतः दाणे निवडायला लागल्या होत्या. जाताना त्यांनी मोडांचा हारही मागून नेला, आणि कुंडीत लावला असं पुढच्या वर्षी येऊन सांगितलं. पुढे त्या दरवर्षी यायच्या.

ही गोष्ट मी घरी तिखटमीठ लावून सांगितली आणि तिथे बिनसलं. इंदूला हे दागिने पहिल्यापासूनच पसंत नव्हते, पण ती थोरल्या जावेपुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "ताई, राग नोका मानू. पन धान म्हंजे लक्ष्मी. दाना सांडला त आपन पाय नाही ठेवत, उचलून कपायाले लावतो. आन तुमी थो लोकाइच्या गळ्यात घालता. बजारात, बसमंदी दोरा तुटला त किती पायाखाली जाईन? मी नाही घालनार. मले देऊ बी नोका." वहिनी त्या वेळी एक छोटा हार हातात घेऊन उभी होती. तो इंदूसाठीच केला होता, हे मला माहीत होतं. तिने तो मुठीत मिटला आणि म्हणाली, "बरं बाई." एवढंच.

दोघींचं भांडण मात्र झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. भांडण मिटतं तरी. आम्ही दौऱ्यावर निघालो की इंदू डबा द्यायची, पोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा, वहिनीला आवडतं म्हणून आंब्याचं लोणचं वेगळ्या पुडीत. आणि पेटीकडे न बघता आत जायची. नागपूरच्या बाया, पुण्याहून आलेल्या बाया, एकदा तर परदेशी पाहुणी, सगळ्यांनी वहिनीचे हार घालून माझ्या आरशात पाहिलं. वहिनी खूश व्हायची. मग परतीच्या बसमध्ये कुठेतरी म्हणायची, "भाऊजी, एवढ्या बाया घालतेत. पन इंदूनं एक डाव घातला असता न... मंग मी मनलं असतं, जमलं." मी म्हणायचो, मी सांगतो तिला. वहिनी लगेच हात हलवायची. "सांगू नोका. सांगून घातलेला मले नाही पायजे."

त्या नागपूरच्या फजितीनंतर तिचं काम संथ झालं, हे माझ्या लक्षात आलं होतं. आधी एका बैठकीत होणारा हार आता दोन-दोन दिवस चालायचा. मी कुरकुर करायचो, अशाने पेटी भरायची कधी, डोळे गेले असतील तर तपासून ये. ती म्हणायची, "गाडी सुटून रायली का तुमची? होते हयूहयू." मी समजलो वय झालं. माझंही झालं होतं. वर्षं अशीच मजेत गेली, आणि मग तो फोन आला.

तेरवी झाली, वहिनीच्या लेकी परत गेल्या. प्रदर्शनाला आठवडा उरला तेव्हा मी इंदूला अर्जाचं सांगितलं.  दुपारी ती वहिनीच्या खोलीत गेली आणि पेटी उघडून बसली, मी दारात. आवरून ठेवू, लेकींना वाटून टाकू, असं तिच्या मनात असावं. एकेक हार ती दोन बोटांनी उचलून पाटावर ठेवत होती. एक हार पेटीच्या कडीत अडकला, तिने ओढला आणि दोरा तुटला. 'अगं बाई' म्हणत इंदूने झटक्यात पदर पसरला... पदरात काही पडलं नाही. ती गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लागली, पेटीखाली हात घालून पाहिला. मलाही वाकायला लावलं. कुठे एक दाणा नाही. मग तिने तुटलेला हार खिडकीत नेऊन उजेडात धरला.

प्रत्येक दाण्याच्या अलीकडे एक गाठ होती आणि पलीकडे एक गाठ. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा गाठी, पूर्ण हारभर, दोन दाण्यांच्या मधे दोरा मोकळा. तुटलाच तर तिथे तुटावा आणि दाणा आपल्या जागी राहावा. इंदूने दुसरा हार पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच. "पयलेपासून असेच करत होत्या का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. पहिले हार तर साधे ओवलेले होते, बसमध्ये एकदा तुटला तेव्हा मी स्वतः सीटखालून दाणे वेचले होते. "मंग कवापासून?" मी उत्तर द्यायच्या आधीच ते तिला कळलं. ती खिडकीशीच खाली बसली आणि पोटभर रडली. तेरवीतही ती इतकी रडली नव्हती. आणि मी, वहिनीला डोळे तपासायला सांगणारा शहाणा, भिंतीला टेकून उभा राहिलो. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी हसूही येत होतं. काय बाई होती! इतकी वर्षं, इतक्या गाठी, आणि एका शब्दाने बोलली नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी इंदू डबा घेऊन आली आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसली. पेटीचं तिकीट तिनेच मागितलं. मी काही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलो आहे. स्टॉलवर ती वहिनीच्या जागी न बसता उभी राहिली, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. मी आरसा धरला. तासभर ती नुसती हार सारखे करत राहिली. मग कॉलेजातल्या एक बाई थांबल्या, हार हातात घेऊन निरखू लागल्या. "सुंदर आहे हो मावशी. पण धान आहे ना हे? दोरा तुटला की सगळं सांडणार."

इंदूने पदर बाजूला सारला. तिच्या गळ्यात छोटा, तीन पदरी हार होता. कधी घातला, पेटीतला कुठला निवडला, मला पत्ता नव्हता. मी आरसा तिच्याकडे वळवला, पण तिला आरशाची गरज नव्हती. तिने दोन्ही हातांनी हार धरला आणि सगळ्यांसमोर हिसका दिला. तीनही पदर तटातट तुटले. आसपासच्या चार बाया दचकल्या, कॉलेजातल्या बाई तर मागेच सरकल्या.

"माह्या जावेनं बनवला हाये," इंदू म्हणाली. तुटलेला हार तिने उंच धरून हलवला. "पाहा खाली. एक दाना सापडला त सांगा मले."

सगळ्या बाया वाकून जमिनीवर शोधायला लागल्या. आरसा काखेत मारून मीही वाकलो, पण माझी नजर इंदूकडे होती. तिने खाली पदर धरलेला नव्हता.