इचा दम पाह्य

कृपा हा शब्द मी आजवर खोडण्यासाठीच लिहिला. देव-धर्म, बुवाबाजी यांविरुद्धची आमच्या घरची पत्रकं आसेगावच्या बाजारात वाटली जायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. 'दुबळेपणा ही मनाची सवय आहे' हे त्यातलं वाक्य माझंच. म्हणून आज तो शब्द लिहिताना मी अडखळते आहे.

ताईला आणि मला हिमालयात जायचं होतं. नवख्यांना सोपा म्हणतात तो केदारकंठा शिखराचा ट्रेक आम्ही निवडला. बूट घेतले, पाठीवर सोयाबीनची पिशवी बांधून रोज सकाळी चालायला लागलो. ताईला धाप लागायची. मी म्हणायचे, "तुयात हिंमतच नाई." ट्रेकसाठी प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागणार होता. लबाडीवर पत्रकं लिहिणारी मी, ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासताच सही आणणार होते.

त्यासाठी मंगरूळपीरला गेलो. सराव म्हणून स्टँडपासून मी तिला झपाझप चालवलं. दर्ग्यासमोर ती मटकन खाली बसली. तिथे फुलं विकणारी म्हातारी मला म्हणाली, "इचा दम पाह्य, माय."

दुवा वाचून अंगावर फुंकतात, त्यालाही आमच्याकडे दमच म्हणतात. मी तडकले. "आजी, आमी दम-फुंक मानत नाई."

"मी कायले फुंकू? छातीतला दम म्हन्ते. ओठ पाह्य इचे, जांभूय खाल्ल्यावानी झाले. माह्या लेकीचे असेच व्हते."

मी पाहिलं आणि हादरले. कित्येक दिवस ते ओठ माझ्या शेजारी चालत होते. मी फक्त तिची हिंमत मोजत होते.

सही राहिली. अकोल्याला नीट तपासणी केली. हृदयाची झडप अरुंद निघाली. "तिथल्या उंचीवर, थंडीत..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. ताईच म्हणाली, "काढ आता याच्यावर पत्रक."

शस्त्रक्रिया झाली, ताई वाचली. पुढे मी म्हातारीचे पाय धरायला गेले, तर तिने ओळखलंच नाही. "कोन वं तू? रोज लय येतात." तिच्या लेकीचं काय झालं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. तिने ओंजळीत फुलं दिली, आत वाहा म्हणाली. मी वाद घातला नाही. आत गेले, माथा टेकवला. कोणापुढे, हे आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.