सासूबाई शिडाची कड मोजतात

माझ्या सासूबाई आयुष्यात एकदाही उडालेल्या नाहीत. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना गरगरतं. तरीही टेकडीवरून उडणारी झाडून सगळी मंडळी आपापलं हँग ग्लायडर आधी त्यांच्या शेडमध्ये आणतात आणि त्यांचं मोजून होईपर्यंत मुकाट उभी राहतात.

सुरुवातीला त्या तंबू शिवायच्या. एकदा कुणीतरी ग्लायडरचं फाटलेलं शीड शिवायला आणलं. वरच्या खांबाच्या टोकापासून शिडाच्या मागच्या कडेपर्यंत बारीक दोऱ्या आलेल्या पाहून त्यांनी विचारलं, "या कशाला?" त्याला धड सांगता येईना. झालं! पुढचे तीन महिने सासूबाईंनी पुस्तकं पालथी घातली, उडणाऱ्यांचं डोकं खाल्लं. तेव्हापासून दोऱ्यांच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा.

गंमत म्हणजे एरवी उडताना या दोऱ्या ढिल्याच लोंबत असतात. पण नाक फार खाली गेलं की त्या ताणल्या जातात, शिडाची मागची कड वर धरून ठेवतात आणि नाक पुन्हा वर येतं. तेवढंच त्यांचं काम. ते क्वचितच पडतं, त्यामुळे माझ्यासारख्या शहाण्यांना त्या बिनकामाच्या वाटतात.

शर्यतीला आठ दिवस होते. वेगासाठी हातातला दांडा अंगाकडे खेचून धरावा लागतो आणि तो सारखा उलटा ढकलतो; तासाभरात दंड भरून येतात. वेगात नाक खाली असतं आणि दोऱ्या ताणू लागतात; त्या लांबवल्या की हा जोर कमी होतो. मी गुपचूप प्रत्येक दोरीला एकेक जादा कडी लावली. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी मागच्याच महिन्यात मोजलं होतं, आता कशाला मोजतील, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर माझं ग्लायडर लाकडी घोड्यांवर चढवलेलं. सासूबाईंनी मधली नळी पाणसळ लावून सपाट केली होती आणि शिडाच्या मागच्या कडेला, डावीकडून उजवीकडे, सुतळी ताणली होती. नळीपासून सुतळीपर्यंतची उंची त्या पट्टीने मोजत होत्या.

"जावईबापू, जरा चष्मा द्या माझा."

मी दिला. त्यांनी पुन्हा मोजलं, भिंतीवरच्या माझ्या ग्लायडरच्या मापांच्या कार्डाकडे पाहिलं.

"दोन बोटं खाली आहे."

"कापड सैल झालं असेल, आई."

"कापडाला कड्या फुटत नाहीत."

मी सारवासारव केली. शर्यत मोठी आहे, सगळेच थोडं थोडं करतात, मी काय नवशिका आहे का, वगैरे. त्या पट्टी पुसत ऐकत होत्या. मग पाना माझ्या हातात दिला.

"तुम्हीच लावल्यात, तुम्हीच काढा. मी मोजते."

मी चरफडत कड्या काढल्या. आकडा कार्डाशी जुळेपर्यंत त्यांनी मला तीनदा शिडीवर चढवलं. जेवताना बायकोने विचारलं, "कुठे होतात दोघं?" सासूबाई म्हणाल्या, "मोजत होतो," आणि मला आग्रहाने वाढलं. एखादा टोमणा बसला असता तर बरं झालं असतं. आठ दिवस त्या माझ्याशी पाहुण्यासारख्या गोड वागल्या.

शर्यतीत मी पाचवा होतो, चौथ्याच्या अगदी मागे. दंड भरून आले होते आणि मनातल्या मनात मी सासूबाईंचा उद्धार करत होतो. डोंगराच्या सोंडेमागे हवा एकदम खाली कोसळली. नाक खाली गेलं. मला टांगून धरणारे पट्टे सैल पडले, समोर नुसती झाडं. त्या क्षणी हातातला दांडा निर्जीव झाला असता तर मी पालथाच झालो असतो. पण तो छातीपासून दूर ढकलला गेला, अगदी नेटाने, आणि नाक वर आलं. मी पुढच्या गवताळ पठारावर उतरलो. सर्वात आधी सासूबाईंना फोन लावला.

"आई, दोऱ्यांनी धरलं."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. मग त्या सुरू झाल्या.

"गाढवा! अक्कल गहाण ठेवली होतीस? एकुलती एक पोर दिलीय तुला! आठ दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली, कळतंय का तुला?"

अशा त्या माझ्यावर कधीच ओरडल्या नव्हत्या. मी गवतात बसून ऐकत राहिलो. मला फार बरं वाटलं.

"लागलं नाही ना कुठे?"

"नाही, आई."

"मग फोन ठेव आणि तिला लाव. कड्यांचंही सांग. मी काही सांगणार नाही तुझ्या वतीने."

मी बायकोला फोन लावला, सगळं सांगितलं. मग तीही ओरडली, आईपेक्षा जास्त वेळ.