नांदुऱ्याहून आणलेलं धनुष्य

ऑपरेशननंतर माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. छातीची डावी बाजू काढली होती, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं होतं. धाडच्या आमच्या घरात शिलाई मशीनमागच्या भिंतीवर मी रोज बोटं चढवायची. ती खांद्याच्या उंचीला पोचली, की काखेत आतून कुणी दोरी ओढून धरल्यासारखं व्हायचं आणि हात तिथंच अडायचा.

मी ब्लाऊज शिवते. गावातल्या निम्म्या बायांची मापं मला तोंडपाठ आहेत. त्या बाया आता माप द्यायला येत, तेव्हा माझ्या छातीकडे बघायचं टाळत. त्यांचं ते टाळणंच मला जास्त बोचायचं. नवराही टाळायचा. तो धाड-बुलढाणा रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. गोळ्या वेळेवर आणायचा, तपासणीला न्यायचा, वाटेत टायरबद्दल नाहीतर डिझेलबद्दल बोलायचा. पण मी साडी बदलायला लागले, की त्याला बाहेर काहीतरी काम निघायचं.

बुलढाण्याला तपासणीला गेले, की रिपोर्ट मिळेपर्यंत बसून राहावं लागे. दवाखान्याजवळच्या मैदानावर मुली धनुष्यबाणाचा सराव करायच्या. मी कडुनिंबाखाली बसून बघायची. बाण कुठं लागला याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. मी त्यांचे डावे हात बघायची. धनुष्य धरलेला हात सरळ, खांद्याच्या रेषेत, जरा न हलता. मला तो हात हवा होता.

एकदा त्या मुलींना शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. "ताई, तुमची मुलगी कोणती?"

"माह्यी कोणीच नाही," मी म्हटलं. "मलेच शिकाचं हाये."

त्या हसल्या नाहीत. मी हाताचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना विचारा." थोडा विचार करून डॉक्टर म्हणाले, "अगदी हलकं असेल तर चालेल. दुखलं किंवा हात सुजला, की थांबायचं."

धनुष्य कोणतं घ्यायचं, तेही बाईंनीच सांगितलं. "स्पर्धेतली ती धातूच्या मुठीची धनुष्यं तुम्हाला परवडायची नाहीत आणि लागतही नाहीत. साधं बांबूचं बघा, उभं केलं तर तुमच्या डोक्याएवढं. उंच धनुष्य शेवटपर्यंत सारखं ओढलं जातं, बुटकं शेवटी अडतं. आणि कितीही देखणं असलं तरी जड घेऊ नका." नांदुऱ्याचे एक गृहस्थ पूर्वी खेळायचे आणि आता त्यांनी जुनी धनुष्यं विकायला काढली होती. त्यांचा पत्ता बाईंनी दिला.

घरी सांगितलं तर नवरा भडकला. "डॉक्टरनं भरलेली बादली उचलू नको म्हटलं अन् तू धनुष्य ताणाले निघाली?"

"त्याच डॉक्टरले विचारून आली मी."

तिसऱ्या दिवशी त्यानंच नांदुऱ्याला जायला जीप काढली. मोताळ्याला लोक हात करत होते, पण त्यानं एकही सवारी घेतली नाही.

नांदुऱ्याच्या त्या गृहस्थांनी पलंगावर चार धनुष्यं मांडून ठेवली होती. एक गडद लाकडाचं होतं, इतकं गुळगुळीत, की हात फिरवत राहावंसं वाटे. तेच त्यांनी माझ्या हातात दिलं. मी दोरी ओढली. अर्ध्यावरच डावा हात थरथरायला लागला आणि काखेतून कळ आली.

"ताकद येते ताई हळूहळू," ते म्हणाले. "असा माल पुन्हा भेटत नाही. या भावात तं नाहीच."

मी ते ठेवलं आणि कोपऱ्यातलं बांबूचं उचललं. पेरं दिसत होती, मुठीवरचं सूत मळलं होतं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मुठीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांवरून नख फिरवून पाहिलं, कुठं चीर लागली नाही. दोरी बरोबर मधून जात होती. ओढली, तर हनुवटीपर्यंत आली.

"बाण न लावता दोरी रिकामी सोडू नका, धनुष्य मोडते," असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे चामड्याचा एक तुकडा धरला. त्याला पट्टे होते. "हे छातीले बांधाचं. दोरी घासते डावीकडून."

"राहू द्या. मले नाही लागत."

"लागते ताई. सगळ्या पोरीयले लागते."

"नाही लागत."

"अहो, पण..."

"तिचं ऑपरेशन झालं हाये," नवरा मागून म्हणाला. "कॅन्सरचं. डावीकडचंच."

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सख्ख्या भावालाही त्यानं 'गाठ' एवढंच सांगितलं होतं. गृहस्थांनी चामडं खाली ठेवलं. आतून चहा मागवला. मग आपणहूनच बांबूच्या धनुष्याची किंमत निम्मी केली आणि बाणही वरून दिले. आम्हाला परवडत होतं ते एवढंच होतं, म्हणून मी नको म्हणू शकले नाही. पण चहा मी तसाच ठेवला.

परतताना राजूरच्या घाटात मी विचारलं, "तुम्ही काऊन सांगितलं त्याले?"

"तो ते बांधाले लावून राह्यला होता तुले."

"मी बोलून राह्यली होती ना? आता दया म्हणून भेटलं ते."

त्यानं जीप कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. "तू म्हणते मी बघत नाही तुह्याकडे."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणत नाही, पण मले समजते." त्यानं समोरच्या काचेवरची धूळ हातानं पुसली. "बघितलं की भेव वाटते. तुले काही झालं तं मी का करू?"

मलाही तीच भीती वाटत होती. मागून ट्रकनं हॉर्न दिला, तेव्हा त्यानं जीप पुन्हा रस्त्यावर घेतली.

परसात बारदान्यात चिंध्या ठासून मी निशाणा केला. पहिल्याच आठवड्यात हात सुजला. बांगड्या रुतल्या, साबण लावून काढताना दोन फुटल्या. डॉक्टरांनी सराव बंद केला, सूज चढू नये म्हणून हात आवळून धरणारी दाबाची बाही घालायला लावली. सूज उतरल्यावर पुन्हा सुरू केलं, थोडंथोडं. बाण बहुतेक वेळा बारदान्याच्या बाहेरच जातात. नवरा कुरकुर करत ते कुंपणातून काढून आणतो. पण कपाटाच्या वरच्या फळीवरचं कापड आता माझं मी काढते.

मागच्या तपासणीच्या फोटोत फुप्फुसाजवळ एक सावली दिसली आहे. जुन्या खोकल्याची असेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि लगेच दुसरी तपासणी लिहून दिली. त्या दिवसापासून आमचं दोघांचंही जेवण कमी झालं आहे. मी धनुष्य हातात घेते, पण नेमाकडे लक्ष लागत नाही.

हाताची ती दाबाची बाही फार घट्ट असते, एका हातानं चढत नाही. आता सकाळी नवराच ती चढवून देतो. मनगटापासून वर, सुरकुती पडू न देता, पार काखेपर्यंत. व्रण सुरू होतो तिथं त्याची बोटं थांबतात, पण तो नजर वळवत नाही. "दुखते का?" विचारतो. मी नाही म्हणते. रिपोर्ट अजून यायचा आहे.