अक्कानं जोडलेला पाईप

कानडी मुलखातल्या रामनगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटो यातच माझे दिवस जातात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात गणेशगुडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पंचायतीनं सांगितलं, "आमच्या नळयोजनेचे फोटो काढून द्या, तालुक्याच्या प्रदर्शनात लावायचेत," तेव्हा मला हसूच आलं. पाण्याच्या टाकीत फोटो काढण्यासारखं काय असणार?

वाडी कुणब्यांची. पाण्याचं सगळं काम एक पन्नाशीची बाई बघायची. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडे होतं; त्याचे गुडघे गेल्यापासून हिच्याकडे आलं. सगळी वाडी तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो.

टाकी टेकडीवर होती. तिथून खाली सुपा धरणाचं पाणी दूरवर पसरलेलं दिसत होतं.

"अक्का, एवढं पाणी समोर असताना तुम्ही रानातल्या झऱ्याचं पाणी आणता?"

"ते खाली हाय, आम्ही वर. ते कसं चढंल? झरा आमच्याबी वर हाय. त्याचं पाणी आपल्या पायांनी चालत येतं."

मी टाकीचे, वाळूच्या गाळणीचे, दारादारातल्या नळांचे फोटो काढले. तिच्याकडे कॅमेरा वळवला की ती बाजूला सरकायची. "माझा कशाला? टाकीचा काढा."

एवढ्यात टाकीत पडणारी धार बारीक झाली आणि थांबली. अक्कानं पाईपाला कान लावला. "वर फुटलाय." कोयता, तारेचं भेंडोळं आणि हातभर लोखंडी नळी पिशवीत टाकून ती निघालीसुद्धा. मी मागोमाग.

चढताना ती सांगत होती, पाईप आणले तेव्हा इथं गाडीवाट नव्हती. बायाबापड्यांनी ते खांद्यावरून चढवले. "ह्या दगडापाशी माझी जाऊ घसरली. गुडघा फुटला, पण पाईप सोडला न्हाई तिनं."

तासाभराने ओढ्याकाठी फुटलेली जागा सापडली. गव्यांचा कळप नुकताच पाईप तुडवून गेला होता. खुरांच्या खड्ड्यांत अजून पाणी साचत होतं. अक्का वर झऱ्यापर्यंत जाऊन पाणी बंद करून आली. प्लास्टिकच्या पाईपाचा चेपलेला तुकडा कोयत्यानं कापला, काटक्यांचा जाळ केला आणि पाईपाची टोकं त्यावर धरून मऊ केली.

"दादा, तो डबा ठेवा खाली. हिकडं धरा घट्ट."

डबा म्हणजे माझा कॅमेरा. मी तो पानांवर ठेवला आणि चिखलात गुडघे टेकून पाईप धरला. तळवे भाजत होते. तिनं दोन्ही टोकांत लोखंडी नळी रेटून बसवली, वरून तार आवळली आणि पुन्हा पाणी सोडायला गेली.

पाईप थरथरला. परत आल्यावर तिनं सांध्याभोवती हात फिरवून पाहिला. कोरडा होता. चिखलानं माखलेल्या तोंडावर असं काही उमटलं की मी धडपडत कॅमेरा उचलला. एकच फोटो मिळाला. तिला कळलंही नाही.

आम्ही खाली उतरायच्या आत पाणी वाडीत पोचलं होतं.

प्रदर्शनाच्या आधी पंचायतीतले एकजण म्हणाले, "टाकीवरचा नावांचा फलक दिसतो तो फोटो मोठा करा." गिऱ्हाइकाशी वाद घालणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी घातला. "मोठा हाच होईल," अक्काचा फोटो पुढे करत मी म्हटलं, आणि तोच झाला.

अक्का जावेला घेऊन बसनं आली. फोटोच्या अगदी जवळ जाऊन तिनं पाहिलं.

"सांधा बरा दिसतोय," ती म्हणाली. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला म्हणाली, "मीच जोडलाय त्यो."

बघता बघता तिच्याभोवती माणसं जमली. पाईप किती तापवायचा, हे ती एका साहेबांना कानडीत समजावून सांगत होती आणि ते मान डोलावत ऐकत होते.

फोटो कुणी काढला, हे कुणीच विचारलं नाही. पण तिनं तो सांधा जोडला तेव्हा पाईप मी धरला होता, हे घरी गेल्यावर मी बायकोला दोनदा सांगितलं.